लाल वहीतला मंगळवार

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही तक्रारीची नाही. तक्रारीची वही वेगळी आहे, तिची पाठ लाल आहे आणि ती आज सकाळीच विकत आणली. ही निळी वही धाकट्या बहिणीनं मला निवृत्तीच्या दिवशी दिली होती. "ताई, आता मनातलं लिहीत जा," म्हणाली. चार वर्षं कोरी राहिली, कारण माझ्या मनात जे येतं ते मी तिथल्या तिथे बोलून टाकते. पण खालच्या मजल्यावर भोंगा राहायला आल्यापासून कितीही बोललं तरी थोडं उरतंच. ते इथे.

भोंगा हा माणूस आहे. वय सत्तरीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे, टोपी पार मागे. ट्रम्पेट वाजवतो. म्हणे जॅझ. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझा नुकता डोळा लागलेला असतो तेव्हा, बरोबर माझ्या पलंगाखाली सुरू. वाजवतो म्हणजे काय, तर एक सूर धरतो, त्याला जिन्यावरून ढकलतो आणि मग तो कुठे पडला ते शोधत बसतो.

एकतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. चोरांची, दरोडेखोरांची आणि त्यांच्याहून लांबलचक वकिलांची बडबड शब्दन् शब्द उतरवली, कधी तोंडातून ब्र काढला नाही. त्याचं हे फळ.

आजची कारवाई: स्वयंपाकघरातून खाली जाणाऱ्या पाण्याच्या उभ्या पाइपवर लाटण्यानं तीन ठोके. परिणाम: शून्य. उलट गडी जास्तच खुशीत आला.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. ते दातांचे डॉक्टर आहेत, तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बाई, त्या ट्रम्पेटबद्दल ना? अहो, माझा धंदा बसायची वेळ आलीय!"

बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना ट्रम्पेट ऐकू येतो आणि त्यांना वाटतं, आत कुणाचा तरी दात उपटताहेत. गेल्या आठवड्यात दोघं उठून गेले. एक तर गळ्यातल्या फडक्यासकट गेला.

"एक मार्चला सभा आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण नुसतं 'आवाज होतो' म्हणून भागणार नाही. काय वाजतं, किती वाजता, किती वेळ, सगळं लेखी पाहिजे."

"पुराव्याचं मला शिकवू नका," मी म्हणाले. मग त्यांनी माझी डावीकडची दाढ फुकट बघितली. माणूस बरा वाटला.

९ फेब्रुवारी, रविवार

अडचण अशी की लघुलिपीत सूर लिहिता येत नाहीत. म्हणून पियानोच्या पुस्तकात असतात तशा पाच रेघा आखल्या. कॉन्व्हेंटात आम्हाला सहा वर्षं पियानो होता. शिकवणाऱ्या सिस्टर सूर चुकला की लाकडी पट्टी बोटांवर मारत आणि बरोबर आला तरी सवयीनं मारत. बोटं वाया गेली, पण कान राहिला. आज सुराला सूर, मात्रेला मात्रा लिहिलं. मी पाइपवर ठोकते तिथे फुली घालते. आपली कारवाईही लपवायची नाही. पुरावा म्हणजे पुरावा.

तक्रारीचा मसुदा तयार आहे: "सदर गृहस्थ रोज तीच ती धून वाजवतात." हे एकदा सिद्ध झालं की काम फत्ते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज अर्धा तास! तीन पानं भरली, चहा गार झाला. सतरा फुल्या.

उर्मटपणा बघा. मी ठोकलं की हा थांबतो. संपलं म्हणून मी लाटणं खाली ठेवते, तर हा भलत्याच ठिकाणाहून हळूच आत येतो. पुन्हा ठोकते, पुन्हा थांबतो. शेवटी शेवटी तर माझ्या ठोक्याची वाट बघितल्यासारखा थांबत होता. आणि शेवटचा सूर इतका वेळ धरला, की मलाच दम लागला.

धाकटी दारात उभी होती. म्हणाली, "ताई, तुझा पाय हलतोय."

"मुंग्या आल्यात," मी म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घोळ झाला आहे. पाच दिवसांची पानं शेजारी शेजारी ठेवून तपासली. धून एकच आहे, पण दोन दिवस सारखी वाजलेली नाही. सुरुवात तीच, मग रोज वेगळीकडेच जातो. म्हणजे "तीच ती धून" हे विधान माझ्याच पुराव्यानं खोटं ठरतं. उलटतपासणीत वकिलानं माझी सालटी काढली असती.

फार संताप आला. लाल वही पिशवीत घातली आणि जाब विचारायला खाली गेले.

दार उघडून भोंगा म्हणाला, "या या! वरच्या पाइपवाल्या बाई ना तुम्ही?"

पाइपवाल्या बाई! मी बसले. उभ्यानं इतकं भांडवत नाही हल्ली.

खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह आणि भिंतभर तबकड्या. दोनशे अकरा. सगळ्यांवर त्यानं वाजवलं आहे. हॉटेलांच्या बँडमध्ये, गाण्यांच्या मागे, जाहिरातींत, एका वाघाच्या सिनेमात वाघ म्हणून. मी पाच-सहा तबकड्यांवर त्याचं नाव शोधलं.

"नाही सापडणार," तो म्हणाला. "सगळीकडे 'आणि वाद्यवृंद' लिहिलंय. मी त्यातल्या 'आणि'च्या जरा डावीकडे बसायचो."

आता त्याच्या नावाची पहिली तबकडी निघणार आहे. त्याच्या एका जुन्या ओळखीच्या रेकॉर्डिंगवाल्यानं मनावर घेतलं आहे. सहा धुना झाल्या आहेत. सातवी त्याची स्वतःची, ती राहिली आहे. ती नसेल तर तबकडी नाही. चाळीस वर्षं त्या धुनेचा शेवट सापडत नाही. आणि वेळ नाही, कारण दात.

त्यानं ओठ वर करून दाखवला. वरचा, समोरचा, डावीकडचा. दोऱ्यानं शेजाऱ्याला बांधला आहे. ट्रम्पेटचं तोंड ओठावर दाबायचं, ओठ दातावर टेकायचा. दात गेला की हवा फसकन बाहेर. "नवा बसवला तर ओठाला पहिल्यापासून सगळं शिकवावं लागतं. पाच-सात वर्षं जातात. या वयात ओठाला शाळेत कुठे घालू?"

खालच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, महिनाअखेरपर्यंत टिकला तर नशीब.

"पण गेल्या मंगळवारी सापडला होता हो शेवट," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सगळी धून कशी, सरळ घरी पोचली. आणि मी काय वाजवलं तेच मला आठवत नाही. आमच्यात लिहून वाजवत नाहीत, बाई. वाजलं की गेलं."

लाल वही माझ्या मांडीवर पिशवीत होती. मी पिशवीचं तोंड घट्ट धरलं. पुरावा सभेआधी विरुद्ध पक्षाला दाखवत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा खाली गेले होते. विरुद्ध पक्षाची पार्श्वभूमी माहीत असलेली बरी. बोलता बोलता म्हणाला, रेडिओवर सकाळच्या बातम्यांआधी वाजायची ती धूनही त्यानंच वाजवली होती.

त्या धुनेवर मी बावीस वर्षं घड्याळ लावलं. तिच्यात पाचव्या सुराआधी ट्रम्पेट किंचित थांबतो. अगदी किंचित. त्या थांबण्यात मी रोज हातातला कप खाली ठेवत असे. का, ते मला सांगता येणार नाही.

"ती थांबण्याची जागा कुणी सुचवली?" मी सहज विचारलं.

"कसली जागा? मला सर्दी होती. शिंक आली, ती गिळली."

बावीस वर्षं! शिंकेसाठी!

१९ फेब्रुवारी, बुधवार

जिन्यात सेक्रेटरी भेटले. हळूच म्हणाले, "बाई, सभेची आता गरजच नाही. परवा तो दात दाखवायला येतोय. जरा हलवून बघतो म्हणेन आणि काढूनच टाकेन. आठ दिवसांनी पडणारच आहे तो. ट्रम्पेट कायमचा बंद!"

माझ्या अंगाची लाही झाली. "डॉक्टर," मी म्हणाले, "तक्रार माझी आहे. तिचा निकाल सभेत लागेल. तुमच्या पकडीत नाही."

"अहो, पण तुम्हालाच तर शांतता हवीय ना?"

"हवीय. पण रीतसर."

तशीच खाली जाऊन भोंग्याला तंबी दिली. परवा दवाखान्यात जायचं नाही. एक मार्चपर्यंत त्या दाताला कुणी हात लावायचा नाही, जिभेनंसुद्धा नाही. टोस्ट बंद. संध्याकाळी धाकटीच्या हाती कुस्करलेला बटाटा आणि सूप पाठवलं.

"ताई, हे काय नवीन?" धाकटीनं डोळे बारीक केले.

"ज्याच्यावर तक्रार आहे तो माणूस सभेला धडधाकट हजर पाहिजे. नाहीतर पुढची तारीख पडते. तुला कोर्टातलं काय कळणार?"

"नाही गं कळत," ती म्हणाली आणि सुपात लोणी घातलं. मी काही सांगितलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस तो मंगळवार शोधतो आहे. रोज एकाच वळणावर चुकतो. तिथे खाली यायचं आहे, आणि हा वर जातो. लाल वहीत स्वच्छ लिहिलं आहे. पहिल्या दिवशी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी कानात कापूस. तिसऱ्या दिवशी कापूस काढला, कारण नेमका चुकतो का ते बघायचं होतं. चुकला. आज पुन्हा वर जायला लागला आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले,

"खाली या! तिथून खाली! वर काय ठेवलंय तुमचं?"

ट्रम्पेट थांबला. मग खालून आवाज आला, "बाई, तुम्हाला कसं माहीत?"

सांगावं लागलं. खोटं मी बोलत नाही, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाही. अर्थात अस्सल वही दिली नाही. कोऱ्या कागदावर नक्कल करून दिली, खाली सही आणि तारीख घालून.

नक्कल त्यानं वरपासून खालपर्यंत वाचली. मग टोपी काढली. मला वाटलं डोकं खाजवतो आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नक्कल समोर ठेवून वाजवलं. सूर सगळे बरोबर. आणि अगदी मेलेलं. सरकारी परिपत्रक वाचावं तसं.

मी लाल वही घेऊन खाली गेले. "हे मंगळवारचं नाही."

"सूर तुमच्याच कागदावरचे आहेत, बाई. घोकून वाजवले."

"मग कागदात काहीतरी राहिलंय." एकतीस वर्षांत माझ्या नकलेतून एक स्वल्पविराम गळला नव्हता. वही आणि नक्कल शेजारी ठेवून ओळीवर ओळ लावली. तेव्हा दिसलं. नक्कल करताना मी सतरा फुल्या गाळल्या होत्या. माझे ठोके, त्यांचा धुनेशी काय संबंध, म्हणून.

भोंग्यानं फुलीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"ती माझी कारवाई. बंद करा म्हणून मी पाइपवर ठोकते ते."

"बंद करा म्हणून?"

"मग कशासाठी?"

"मला वाटलं, तुम्ही साथ करताय!"

आणि हसायला लागला. हसता हसता दाताला बोट लावून धरावं लागलं. चाळीस वर्षं उत्तमोत्तम ड्रमवाल्यांबरोबर वाजवलं, म्हणाला, पण वरून कोण इतकं नेमकं आणि इतकं रागानं वाजवतंय, ते बघायला यायचं रोज मनात यायचं, धीर झाला नाही. तुम्ही ठोकलंत की मी थांबायचो. थांबलो की पुढचं सुचायचं.

मी म्हणाले, हा गैरसमज सर्वस्वी तुमचा आहे.

"बुधवारी रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय होणार नाही."

मी नाही म्हणाले. पाइप कुठे नेता येतो?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाइप नेता येत नाही म्हणून रेकॉर्डिंगवाला इकडे येणार आहे. मी होकार दिलेला नाही. फक्त लाटणं धुऊन ठेवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

क्रमानं लिहिते.

अकरा वाजता रेकॉर्डिंगवाला आला. जिन्यातून तारा वर आणल्या, माझ्या पाइपला एक माइक बांधला आणि माझं भांडी पुसायचं फडकं त्याच्यावर गुंडाळलं. न विचारता. माझ्या कानांवर हेडफोन चढवले. खाली भोंगा आणि एक डबल बासवाला. त्याचं वाद्य कपाटाएवढं, ते जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हा मी बाहेर जाऊन चार शब्द बोलले आणि ते निघालं.

पहिल्या वेळी सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात तळमजल्यावरून दातांचं मशीन सुरू झालं. गुर्रर्र. थांबलो, पुन्हा सुरू केलं, पुन्हा गुर्रर्र. सेक्रेटरी मुद्दाम करत होते, त्यात शंका नाही. मी खाली निघाले, तर धाकटी म्हणाली, "तू पाइपपाशी थांब. मी बघते."

ती जाऊन दवाखान्यातल्या खुर्चीत बसली. डॉक्टरांनी आ करायला सांगितलं. तिनं आ केला तो बोलण्यासाठी. लहानपणीच्या दातांपासून सुरुवात केली. तिचे बत्तीस दात आहेत आणि प्रत्येकाची हकीकत आहे.

खाली शांत झालं. रेकॉर्डिंगवाल्यानं सुरू करायची खूण म्हणून हात खाली केला.

समोर लाल वही होती, पण फारशी लागली नाही. पहिली फुली, दुसरी, तिसरी. मी ठोकत होते, तो थांबत होता, पुन्हा येत होता. तेरा फुल्या झाल्या. चौदाव्या फुलीआधी तो त्या वळणावरून खाली आला, आणि असा आला, की मी ऐकत बसले. ठोकायचं राहून गेलं.

तो थांबला. खाली बास थांबला. रेकॉर्डिंगवाला माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. हेडफोनमध्ये मला भोंग्याचा श्वास ऐकू येत होता. माणूस वाट बघत होता. किती वेळ ते सांगता येत नाही. तो बातम्यांआधी थांबायचा, साधारण तेवढा.

मग मी ठोकलं.

त्यानंतर त्यानं जे वाजवलं ते लाल वहीत नाही. मंगळवारपेक्षा बरं होतं. माझे उरलेले ठोके कुठे पडले मला ठाऊक नाही, पण पडले. शेवटचा सूर त्यानं धरला, धरला, धरून ठेवला, मग त्यातून फस्स अशी हवा गेली, आणि शांततेत फरशीवर एक बारीक आवाज झाला. टक्.

मी लाटणं खाली ठेवलं.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "अप्रतिम. ते शेवटचं फस्स आणि टक् कापून टाकू."

"काही कापायचं नाही," मी म्हणाले. "नोंद म्हणजे नोंद."

खालून, थोडी शिट्टी वाजत, आवाज आला, "बाई म्हणतात तशंच."

१ मार्च, शनिवार

सभा झाली. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, पुरावा सादर करा."

"वही रेकॉर्डिंगवाल्याकडे आहे. कव्हरच्या आत तिचं एक पान छापणार आहेत."

"म्हणजे तक्रार मागे घेताय?"

"तांत्रिक कारणानं. सदर आवाजात तक्रारदाराचाही हात आढळून आला."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. मग धाकटीकडे बघून विचारलं, त्या खालच्या दाढेचं पुढे काय झालं? तिनं सांगायला सुरुवात केली. सभा तिथेच संपली.

१२ एप्रिल, शनिवार

तबकडी आली. कव्हरवर त्याचं नाव आहे, एकट्याचं, ठळक. बघताना त्यानं बोट फिरवून ते खरंच छापलं आहे का पाहिलं. मी ते नाव इथे लिहिणार नाही. माझ्यासाठी तो भोंगाच.

मागे बारीक अक्षरात: "पाइप: वरच्या मजल्यावरच्या बाई." माझं नाव नाही! मी याबद्दल लेखी विचारणा करणार आहे.

तबकडी लावली. ते थांबणं आलं, तेव्हा धाकटीनं माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला. सांडला असता म्हणे.

२० एप्रिल, रविवार

सेक्रेटरींना आज पत्र दिलं. नक्कल इथे ठेवते.

"खालच्या मजल्यावर रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काहीही होत नाही. हा प्रकार गेले सात आठवडे अव्याहत चालू आहे. त्यामुळे माझी झोपमोड होते. कृपया योग्य ती कारवाई व्हावी."

२२ एप्रिल, मंगळवार

४ वाजून १० मिनिटे. पाइपवर खालून ठोके. बहुधा चमच्यानं. चार ठोके, मग थोडं थांबून पाचवा. बातम्यांआधीची धून. थांबणं अगदी जिथल्या तिथे.

लाल वही परत आली आहेच. नोंद केली. वेळ घातली. फुल्या पाच.

४.१२. पुन्हा तेच. या उद्धटपणाला मी अजिबात उत्तर देणार नाही.

४.१४. पुन्हा. आता तो थांबला आहे आणि थांबूनच आहे. धाकटीनं लाटणं कुठे ठेवलं आहे कोण जाणे. एक वस्तू म्हणून जागेवर नसते या घरात.

४.१६. सापडलं.